हिमनदीच्या जागी आलेली खाडी

रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत आणि उजेड अजून जायला तयार नाही. जुलैचा पहिला आठवडा, अलास्काचा आग्नेय किनारा, बार्टलेट कोव्हचा धक्का. आठवड्याभरासाठी भाड्याने घेतलेली तुमची यॉट धक्क्याला अंग घासत उभी आहे. सहा प्रवासी, एक कप्तान, एक खलाशी, एक स्वयंपाकी. ओहोटी लागली आहे आणि धक्क्याचे खांब तासातासाला उंच होत चाललेत. या खाडीत भरती-ओहोटीतला फरक साडेसात मीटरपर्यंत जातो. मुंबईची मोठ्यात मोठी भरती पाच मीटरच्या आसपास असते, त्यावरून काय ते समजा. हवेला ओल्या शेवाळाचा आणि स्प्रूसच्या डिंकाचा वास आहे.

संध्याकाळी तुम्ही ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीत बसून नियम ऐकलेत. उन्हाळ्यात दिवसाला मोठी प्रवासी जहाजं फक्त दोन, खासगी बोटी २५, तुमच्यासारख्या भाड्याच्या बोटी सहा. देवमाशापासून पाव सागरी मैल लांब राहायचं. बर्फावर पहुडलेल्या सीलपासूनही तेवढंच. ऐकताना हे सगळं कागदी वाटत होतं. मग परतताना वाटेत एक सांगाडा दिसला, उघड्यावर मांडलेला, माणसाच्या उंचीच्या बरगड्यांचा. २००१ साली एका प्रवासी जहाजाच्या धडकेने मेलेली ही देवमाशाची मादी. ती गाभण होती. हाडं साफ करून जुळवायला वर्षं लागली आणि २०१४ मध्ये ती इथे उभी राहिली. त्या बरगड्यांखाली उभं राहिल्यावर पाव मैलाचा नियम कागदी राहिला नाही.

आता कप्तान दिवाणखान्यातल्या टेबलावर नकाशा पसरतो. खाडी मुखापासून टोकापर्यंत सुमारे १०५ किलोमीटर लांब, वर जाऊन दोन फाटे फुटलेली. नकाशावर खोली आहे, खडक आहेत, आणि किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत ओढलेल्या काही आडव्या रेघा आहेत. प्रत्येक रेघेवर एक वर्ष लिहिलंय. १८६०. १८७९. १८९२. १९०७. त्या त्या वर्षी हिमनदीचं तोंड तिथे होतं. बर्फ मागे सरत गेला आणि त्याच्या मागोमाग समुद्र आत आला. म्हणजे तुम्ही उद्या उत्तरेला निघाल तेव्हा अंतर कापाल आणि वर्षंही ओलांडाल. मुखाजवळच्या जमिनीला मोकळं होऊन सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोटलाय, टोकाची जमीन कालपरवाची.

दिवा मालवून तुम्ही झोपायला जाता. बोटीच्या कुशीला पाणी थापा मारतं आहे. हळूहळू तो आवाजही थांबतो.

१७०० च्या सुमारास

पायांखाली गवत आहे. खाडी नाहीच. जिथे आत्ता तुमची यॉट होती तिथे सपाट, हिरवं खोरं पसरलंय, मधून नदी वाहतेय आणि नदीत सामन मासे एकमेकांच्या पाठीवरून उसळत वर चाललेत. नदीकाठी फळ्यांची मोठमोठी घरं आहेत. एकेका घरात एकेका कुळाच्या कितीतरी चुली. दांड्यांवर लाल मासे वाळत घातलेत. धुराचा वास तुमच्या कपड्यांत शिरतो.

हे हुना लिंगिट लोकांचं गाव. चूकानेदी, ताकदेनतान, वूशकीतान, कागवांतान ही त्यांची कुळं. लिंगिट समाजात मूल आईच्या कुळाचं होतं. नाव, हक्क, गाणी, जमिनीशी असलेलं नातं सगळं आईकडून येतं. आपल्या भाषेत या जागेला एकच शब्द आहे: माहेर. इथे ते सगळ्यांचंच आहे, बायकांचं आणि पुरुषांचंही.

हिमनदी दूर आहे, खोऱ्याच्या वरच्या अंगाला पांढरी कड दिसते तेवढीच.

एका घरात पडद्याआड एक मुलगी बसलीय. नुकती वयात आलेली, रिवाजाप्रमाणे वेगळी ठेवलेली. तिचं नाव कास्तीन. दिवस लांबतात, एकटेपणा अंगावर येतो. ती पडदा जरा बाजूला करते, वाळलेल्या माशाचा तुकडा हातात धरते आणि कुत्र्याला बोलवावं तसं हिमनदीला बोलावते.

आणि हिमनदी येते. कुत्रा धावावा तशी येते, असं सांगणारे सांगतात. जमीन थरथरते. घराच्या फळ्या करकरतात. पाण्याचा रंग राखाडी होतो. म्हातारी माणसं जमतात, बोलतात आणि गाव सोडायचं ठरतं. होड्या भरल्या जातात. पण एक जण मागे राहते. एका कथनात ती स्वतः कास्तीन असते: मी बोलावलं, मीच थांबते. दुसऱ्या कथनात शावत्सीक नावाची वृद्धा पुढे होते: मुलीच्या पोटी अजून कूळ वाढायचंय, माझं झालंय, मी थांबते. होड्या पाण्यात जातात, घर बर्फाखाली मोडतं आणि होड्यांतले लोक गातात. ती गाणी चूकानेदी कुळाकडे आजही आहेत, आणि ती कुळाची मालकी म्हणून जपली जातात.

सूझी जेम्स आणि एमी मार्विन या दोन हुना आज्यांनी सांगितलेली ही हकीकत १९८७ साली ‘हा शुका’ या ग्रंथात छापली गेली. भूशास्त्रज्ञांनी नंतर इथला गाळ तपासला, गाडल्या गेलेल्या झाडांचं वय काढलं. गवताळ खोरं होतं, बर्फ पुढे आला, माणसांना जावं लागलं, हा आज्यांनी सांगितलेला क्रम मातीनेही सांगितला. बर्फ आपल्या कमाल टोकाला पोहोचला तो १७५० च्या सुमारास. जगभर थंडीची लाट होती, तिला शास्त्रज्ञ लघुहिमयुग म्हणतात. हुना लोक तिला एका मुलीचं नाव देतात.

तुम्ही शेवटच्या होडीत बसता. मागे वळून बघायला मान वळत नाही.

१७९४, जुलै

होडी तीच वाटते, पण वल्ही वेगळी आणि खलाश्यांची भाषा इंग्रजी. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर आजारी आहे. त्याची जहाजं पश्चिमेला पोर्ट आल्थॉर्पमध्ये नांगरलीत. उघड्या होड्या घेऊन त्याचा अधिकारी जोसेफ व्हिडबी आइसी सामुद्रधुनीचा किनारा मोजायला निघालाय. खंडाच्या पलीकडे नेणारी पाण्याची वाट कुठे सापडते का, हे त्यांना बघायचंय. तरंगत्या बर्फाच्या ढेकळांतून वाट काढताना हात बधिर झालेत. लोखंडासारखे गार कपडे अंगावर वाळतही नाहीत.

उत्तरेला किनारा जरा आत वळतो. जेमतेम आठ किलोमीटरची खोबण. आणि तिच्या पाठीशी, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, बर्फाचा सलग तट.

तुम्हाला माहीत आहे की या तटामागे काय आहे. जागोजागी बाराशे मीटर जाड, बत्तीस किलोमीटरपर्यंत रुंद, दीडशे किलोमीटरहून अधिक लांब अशी ती एकसंध नदी आहे, सेंट एलायस पर्वतरांगेपर्यंत गेलेली. तिच्याखाली घरांच्या फळ्या आहेत. व्हिडबीला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्या वहीत ही जागा म्हणजे वाट संपली एवढीच नोंद आहे. होड्या पूर्वेला वळतात.

सामुद्रधुनीच्या दक्षिणेला, उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेल्या एका किनाऱ्यावर, बर्फाने हुसकलेली कुळं नवं गाव वसवतात. हूना त्याचं नाव, आणि नावाचा अर्थही तोच, उत्तर वाऱ्याचा आडोसा. तिथून त्यांना आपलं माहेर दिसत राहतं, पांढऱ्या भिंतीआड.

१८७९, ऑक्टोबरअखेर

पाऊस, आणि पावसात मिसळलेलं हिम. तुम्ही देवदारी लाकडाच्या लांब होडीत जळणाच्या मोळ्यांवर दाटीवाटीने बसलायत. मोळ्या का, याचं कारण सिटका चार्लीने आधीच सांगितलंय: लहानपणी तो सीलच्या शिकारीला या बर्फाळ खाडीत आला होता, तिथे जाळायला काडीसुद्धा मिळत नाही.

होडी टोयाटेची आहे. तो स्टिकीन लिंगिटांचा सरदार आणि या सफरीचा कप्तान. वल्ह्यांवर कदाचान, दुभाष्या स्टिकीन जॉन आणि चार्ली. बरोबर एस. हॉल यंग नावाचा तरुण पाद्री. आणि समोर, भिजलेल्या दाढीचा, डोळे न मिटणारा ४१ वर्षांचा जॉन म्यूर. कॅलिफोर्नियातलं योसेमिटीचं खोरं हिमनद्यांनी कोरलं असं तो वर्षानुवर्षं मांडत आलाय. तिथे त्याला हिमनदीच्या खुणा वाचायला मिळाल्या; खोरं कोरत असलेली मोठी, जिवंत हिमनदी त्याला इथे बघायचीय. आइसी सामुद्रधुनीतल्या हुना शिकाऱ्यांच्या तळावरून एक वाटाड्या सोबत घेतलाय. म्यूरकडे व्हँकुव्हरचा नकाशा आहे, आणि त्या नकाशात ही खाडीच नाही. जिथे तट होता तिथून तीस मैलांच्याही पुढे होडी आली तरी पाणी संपत नाही.

दोन्ही काठ उघडे आहेत. झाड नाही, झुडूप नाही, खरवडलेला दगड आणि गोटे. धुक्यातून दूरवर तोफेसारखा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग होडीखालून लाट जाते. वल्ही मारणारे गप्प झालेत. हिवाळा तोंडावर आहे. या हवामानात हा माणूस डोंगरावर कशासाठी चढतो, हे त्यांना कळत नाही. रविवार आहे म्हणून यंग तळावरच थांबतो. म्यूर एकटा निघतो आणि तुम्ही त्याच्या मागे.

गुडघाभर ओलं हिम, निसरडे दगड, मध्येच कमरेपर्यंत गार ओढा. काही शे मीटर चढल्यावर ढग वर उचलले जातात, आणि खाली एकामागून एक पाच प्रचंड हिमनद्या उलगडतात. तुम्ही त्याच्याकडे बघता. तो बोटं बधिर असताना चित्र काढतोय, टिपणं घेतोय.

म्यूरच्या लेखांमुळे पुढच्या चार-पाच वर्षांत आगबोटी भरभरून प्रवासी इथे येऊ लागतील. हिमनदीला त्याचं नाव लागेल. पुस्तकांत त्याने ही खाडी शोधली असं लिहिलं जाईल. तुम्ही मात्र ज्या मोळ्यांवर बसून आलात त्या विसरू नका. लाकूड न्यावं लागतं हे ज्यांना माहीत होतं, ते इथे येत-जात होते. बर्फ जसा मागे सरत होता तसे हुना लोक सीलच्या मागे, अंड्यांच्या मोसमात, बोरांच्या दिवसांत आपल्या खाडीत परतत होते. या खाडीचं त्यांनी ठेवलेलं नाव आहे सीत ईती गेयी. हिमनदीच्या जागी आलेली खाडी. एवढ्या चार शब्दांत म्यूरचा सिद्धान्त मावतो.

टोयाटे पुढच्या जानेवारीत रँगेलच्या एका दंग्यात मारला जाईल. आज रात्री मात्र तो जाळ पेटवतोय, आणि सगळ्यांत कोरडी जागा पाहुण्याला देतोय.

१८९९, जून

पांढरा टेबलक्लॉथ. भिंतीला लागून पियानो, कपाटात पाचशेच्या घरात पुस्तकं, खालच्या डेकवर जिवंत मेंढ्या, कोंबड्या आणि दुधाची गाय. ‘जॉर्ज डब्ल्यू. एल्डर’ या आगबोटीवर तुमचं स्वागत असो. रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमनला डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली, तेव्हा त्याने अख्खी आगबोट घेतली, आतून नवी केली आणि अमेरिकेतले नामवंत शास्त्रज्ञ आणि चित्रकार पाहुणे म्हणून बोलावले. ३१ मे रोजी सिएटलहून निघताना बोटीवर १२६ माणसं होती. तुम्ही आठवड्याभरासाठी जी यॉट घेतलीत तिची ही पणजी.

रेलिंगशी म्यूर उभा आहे, आता साठी ओलांडलेला. शेजारी निसर्गलेखक जॉन बरोज. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हिमनदीच्या कडा मोजतोय. तरुण लुई अगासिझ फुएर्तेस पक्ष्यांची चित्रं रंगवतोय. एडवर्ड कर्टिस काचेच्या तबकड्या आणि जड कॅमेरा घेऊन लहान होडीतून बर्फाच्या पार समोर जातो, आणि कोसळलेल्या कड्याच्या लाटा त्याच्या होडीवर चालून येतात. तो वाचतो तो लाटांना सामोरा गेल्यामुळे. मुलांमध्ये सात वर्षांचा अ‍ॅव्हरेल हॅरिमन धावतोय, जो पुढे न्यूयॉर्कचा गव्हर्नर होईल.

आणि समोर म्यूर हिमनदी. निळ्या-पांढऱ्या सुळक्यांची भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवावी लागते. एक सुळका कलतो. काही क्षण काहीच ऐकू येत नाही, मग आवाज तुमच्या छातीत शिरतो. आवाजाआधी डोळ्यांना कळतं, ही गंमत तुम्हाला इथे पहिल्यांदा उमगते. डेकवरचे सगळे गप्प होतात, शास्त्रज्ञसुद्धा.

हॅरिमनला अस्वल हवंय. हाउलिंग व्हॅलीत मिळेल अशा आशेने तो हिमातून दूरवर चालत जातो आणि रिकाम्या हाताने परततो. या बोटीला सवय आहे जे दिसेल ते सोबत नेण्याची: दगड, पक्ष्यांची कातडी, वनस्पती, छायाचित्रं. त्यातून विज्ञानाला खूप मिळालं, ते खरंच. पण दोन महिन्यांच्या सफरीच्या शेवटी, जुलैमध्ये, ही बोट दक्षिणेला केप फॉक्सच्या एका लिंगिट गावासमोर थांबते. घरं आहेत, कोरलेले टोटेम खांब उभे आहेत, माणूस दिसत नाही. गाव टाकून दिलेलं आहे असं ठरवून पाहुणे ते खांब उतरवतात आणि बोटीवर चढवतात. कर्टिस खांबांसमोर सगळ्यांचा फोटो काढतो.

माणसं सॅक्समनला राहायला गेली होती, एवढंच. खांब त्यांच्या पूर्वजांचे होते. ते संग्रहालयांतून परत यायला २००१ साल उजाडलं. एकशे दोन वर्षं.

ही गोष्ट ग्लेशियर बेच्या बाहेरची असली तरी इथे सांगायला हवी. ज्या डोळ्यांना हिमनदी एवढी स्पष्ट दिसली, त्यांना दार लावून गेलेलं घर ओसाड दिसलं. अनुपस्थिती आणि मालकी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘निर्मनुष्य निसर्ग’ म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, त्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न विचारावा लागतो: मनुष्य नव्हतेच, की गेले होते?

१० सप्टेंबर १८९९ ला याकुटाट उपसागरात महाभूकंप झाला. तिथे काही ठिकाणी किनारा १४ मीटरहून जास्त वर उचलला गेला. इथे म्यूर हिमनदीचं तोंड फुटलं, खाडी हिमनगांनी गच्च भरली आणि कित्येक वर्षं आगबोटी तिच्या जवळ जाऊ शकल्या नाहीत.

१९१६

तुमच्या हातात फितीचं एक टोक आहे. दुसरं टोक विल्यम स्किनर कूपरच्या हातात. मिनेसोटा विद्यापीठातला हा वनस्पतिशास्त्रज्ञ गुडघ्यांवर बसलाय आणि एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखतोय. चौकोनात आहे काय? गोटे, रेती, बोटभर विलो, शेवाळाचा काळपट पापुद्रा. तो प्रत्येक रोप कागदावर मांडतो. असे नऊ चौकोन.

भव्य हिमनदी मागे गडगडते आहे आणि हा माणूस तिच्याकडे पाठ करून पायाखालचं गवत मोजतोय. तुम्हाला आधी हे विचित्र वाटतं. मग तुमच्या लक्षात येतं की बर्फ जातो तेव्हा जे सुरू होतं, ते यापूर्वी फारसं कुणी पहिल्या दिवसापासून नीट पाहिलं नव्हतं. उघड्या दगडावर आधी काळा पापुद्रा येतो. मग ड्रायास नावाची जमिनीला चिकटून पसरणारी पिवळ्या फुलांची वेल. तिच्या मुळांशी जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, आणि जिथे माती नव्हती तिथे माती होते. मग आल्डरची झुडपं, इतकी दाट की माणूस शिरू शकत नाही. तीही जमिनीला नायट्रोजन देतात. मग कॉटनवूड, मग स्प्रूस, शेवटी हेमलॉक. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीसाठी जमीन तयार करते आणि मग तिच्याच सावलीत विरते.

कूपर पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याच्यानंतर त्याचा विद्यार्थी डोनाल्ड लॉरेन्स आला. २०१६ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, ते चौकोन पुन्हा शोधून मोजले गेले. बर्फातून नुकत्या सुटलेल्या जमिनीवर एवढा दीर्घकाळ चाललेली दुसरी नोंद मिळणं अवघड. कूपर आणि त्याच्या सहकारी पर्यावरणशास्त्रज्ञांनी आग्रह धरला आणि २६ फेब्रुवारी १९२५ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ही खाडी राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवली.

राखून ठेवली ती कुणासाठी आणि कुणापासून, हे पुढच्या काठावर कळतं.

१९५० च्या सुमारास

साउथ मार्बल बेट. पक्ष्यांचा गोंगाट एवढा की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. हूनाहून मासेमारीच्या बोटीने एक कुटुंब आलंय, आज्या, मावश्या, पोरं, हातात टोपल्या. वर्षभर या दिवसाची वाट बघितली गेलीय. एक आजी तुम्हाला हाताला धरून कड्यावर नेते आणि करड्या पंखांच्या कुरव पक्ष्यांची घरटी दाखवते.

इथला नियम लहान पोरालाही पाठ आहे. घरट्यात एक किंवा दोन अंडी असतील तर घ्यायची. तीन असतील तर हात लावायचा नाही. तीन म्हणजे पक्षीण अंडी घालून उबवायला बसली. एक-दोनच असतील तर घालणं अजून सुरू आहे. घेतली तरी ती पुन्हा घालेल. शास्त्रज्ञांनी हे पुढे तपासलं आणि बरोबर असल्याचं सांगितलं. आजीला तपासायची गरज नव्हती.

१९६० च्या दशकात अंडी गोळा करणं बंद केलं गेलं. १९७० च्या दशकात सीलची शिकार बंद झाली. निसर्ग राखायचा म्हणून. त्याच स्मारकात खाणकामाला मात्र अमेरिकी काँग्रेसने १९३६ मध्ये परवानगी दिली होती. रीड फ्योर्डमध्ये जो आणि मझ आयबाख हे जोडपं सोनं शोधत राहत होतं. पोत्यांत माती भरून आणून मझने गोट्यांवर भाजीचा वाफा केला, दाराशी तीन स्प्रूस लावले. कष्टाळू, भली माणसं. पण हूनाच्या आजीने टोपली खाली ठेवली आणि सोन्याच्या कुदळीला मुभा राहिली, हे त्याच जमिनीवर घडलं. पहिल्यांदा बर्फाने घराबाहेर काढलं. दुसऱ्यांदा कायद्याने, आणि तेही जमिनीवरच्या प्रेमापोटी.

१९८० मध्ये स्मारकाचं राष्ट्रीय उद्यान झालं. १९९२ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झालं. अंडी गोळा करण्याचा हक्क हुना लोकांना कायद्याने परत मिळाला तो २०१४ मध्ये.

आज

इंजिनाचा आवाज. कॉफीचा वास. तुम्ही पुन्हा आपल्या यॉटवर आहात आणि काल रात्रीपासून बरीच वर्षं अंतरं होऊन मागे पडलीत. सकाळी दाट हेमलॉकचं जंगल होतं, दुपारी स्प्रूस आणि कॉटनवूड, मग हिरवं आल्डर, मग ड्रायासचे पट्टे. आता काठावर नुसता दगड आहे, ओरखड्यांचा. कूपरने चौकोनात मोजलेलं सगळं तुम्ही डेकवर खुर्ची टाकून उलट्या क्रमाने पाहिलंत.

उजवा फाटा बाजूला राहिला. हॅरिमनच्या पाहुण्यांना गप्प करणारी म्यूर हिमनदी आता समुद्रापर्यंत पोहोचत नाही. विल्यम फील्डने १३ ऑगस्ट १९४१ ला एका जागेवरून तिचा फोटो काढला. ३१ ऑगस्ट २००४ ला त्याच जागेवरून ब्रूस मोल्नियाने काढला. पहिल्यात फ्रेमभर बर्फ, दुसऱ्यात निळं पाणी आणि हिरवा डोंगर. मधल्या काळात ती बारा किलोमीटर मागे गेली आणि आठशे मीटरहून अधिक पातळ झाली. इथला बर्फ सरू लागला तेव्हा कारखान्यांचा धूर फारसा नव्हता, हे खरं. आज सबंध अलास्कातल्या हिमनद्या ज्या वेगाने वितळताहेत त्यात माणसाचा हात आहे, हेही तेवढंच खरं. दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय या खाडीचा हिशेब पुरा होत नाही.

जॉन्स हॉपकिन्स फ्योर्ड. इथे मे-जूनमध्ये बोटींना येऊच देत नाहीत, कारण सील माद्या तरंगत्या बर्फावर पिल्लं घालतात. जुलैत येता येतं, पण मोठ्या जहाजांना नाही. कप्तान इंजिन मंद करतो. दोन्ही बाजूंना उभे कडे, समोर डोंगरातून उतरणारी, या खाडीत दशकानुदशकं पुढे सरकत आलेल्या मोजक्या हिमनद्यांपैकी एक. तरंगत्या बर्फाच्या प्रत्येक तुकड्यावर सीलचं एक गोल, करडं डोकं तुमच्याकडे वळतं. तुम्ही थांबता. कप्तानाने सांगायच्या आधी थांबता.

इंजिन बंद झाल्यावर एक बारीक चरचर ऐकू येते, कढईत जिरं तडतडावं तशी, पण चारही बाजूंनी. बर्फात कोंडलेले हवेचे बुडबुडे फुटताहेत. डोंगरावर हिम पडलं, दबलं, घट्ट झालं, तेव्हाची ती हवा. पिढ्यान्‌पिढ्या अडकलेला श्वास तुमच्यासमोर सुटतो आणि तुम्ही तो आत घेता.

परतीच्या वाटेवर साउथ मार्बल लागतं. कड्यावर कुरव बसलेत. दुर्बिणीतून एका घरट्यात तीन अंडी दिसतात.

बार्टलेट कोव्हला भरती आहे. झाडांच्या आड लाकडी घर उभं आहे, दर्शनी भिंतीवर कुळांची चिन्हं कोरलेली. खुना शुका हीत, हुना पूर्वजांचं घर. २५ ऑगस्ट २०१६ रोजी हूनाहून कोरलेल्या होड्या वल्हवत लोक आले, किनाऱ्यावर उतरले आणि या घरात शिरले. बर्फाने घर मोडलं त्याला तोवर अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती. तुम्ही उंबरठ्याशी बूट पुसता. आठवडाभर तुम्ही ज्याला रान म्हणत होतात, त्याचं हे दार.

मग धक्क्याकडे चालू लागता. बर्फाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन सावकाश वर येते आहे, वर्षाला जवळजवळ इंचभर. तुम्ही सात दिवस फिरलात. तेवढ्यात ती अर्धा मिलिमीटर उचलली गेली. डोळ्यांना दिसणार नाही, पायांना कळणार नाही. पण ज्या जमिनीवरून तुम्ही निघालात तिच्यापेक्षा किंचित उंच जमिनीवर तुम्ही आता उभे आहात.